ऑफिसात नवीन पद्धत आणताना जुने लोक विरोध करतात, त्यांची मानसिकता कशी बदलावी?

एरवी असा प्रश्न मी सोडून दिला असता. तुमच्या कंपनीत नवीन सॉफ्टवेअर येतंय, अकाउंट्सची जुनी माणसं जुन्याच एक्सेलला चिकटून बसलीत, त्यांची मानसिकता कशी बदलावी, असं विचारलंय तुम्ही. हेच वाक्य मी माझ्या धाकट्या दिरांच्या तोंडून ऐकलंय, तेही त्यांना जेवायला वाढताना. म्हणून लिहितेच.

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका काजू फॅक्टरीत मी कटिंगला सुपरवायझर होते. मालक इथलेच. भावोजी पुण्यात एमबीए केलेले, मालकांच्या ओळखीतले, आणि ऑटोमॅटिक कटिंग मशीनचं खूळ मालकांच्या डोक्यात घातलं ते त्यांनीच. तोवर आमच्याकडे पायाने दाबायची मशीनं होती. उकडून गार केलेली बी पात्यांत धरायची, पाय दाबून टरफल फोडायचं, जोडीदारणीने सुईने गर काढायचा. हाताला तेल चोळून बसायचं, नाहीतर टरफलातला चीक बोटांची कातडी काढतो. मजुरी किलोवर. अख्ख्या गराचा दर वेगळा, पाकळीचा कमी, कारण बाजारच तसा आहे. ३२० नंबर म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० अख्खे गर, २४० नंबर त्याहून मोठा. गर तुटला की तो या हिशेबातूनच उठला.

मशीन आलं त्या दिवशी फॅक्टरीच्या खळ्यात प्रोजेक्टर, मागे बॅनर, चहा-वडे. भावोजींनी जॉन कॉटर या अमेरिकन प्राध्यापकांच्या, बदल कसा घडवावा याच्या आठ पायऱ्या दाखवल्या. पहिली पायरी, निकड निर्माण करा. ती त्यांनी अशी केली: "मशीन शिकला नाहीत तर फॅक्टरी बंद पडेल." दुसऱ्या पायरीत बदल पुढे नेणारा भक्कम गट बांधायचा असतो. आमचा गट म्हणजे भावोजी, मालकांचा मुलगा आणि मशीन विकायला आलेला माणूस. कटिंगची एकही बाई त्यात नाही. मीही नाही, मला वडे मोजायला ठेवलं होतं.

आता मशीनचं असं असतं की पातं एका मापाला लावलेलं असतं. बी मापाची असली तर काम झकास. दाखवायला आणली होती ती आफ्रिकेतून आलेली, नीट चाळलेली बी. गर सुरेख निघाले, टाळ्या पडल्या. पण हंगामात फॅक्टरीत येते ती गावची बी. वेंगुर्ला ४, वेंगुर्ला ७ या जातींची आणि डोंगरावरची गावठी, सगळी एकाच पोत्यात. मोठी बी आली की पातं गरात घुसणार, बारीक आली की टरफल नुसतं ओरखडून तशीच खाली पडणार. ट्रेमध्ये पाकळी आणि तुकड्याचा ढीग. मजुरीचे दर मात्र होते तेच.

पहिला पगार झाला त्या संध्याकाळी आमच्या सगळ्यात जुन्या काकीने पाकीट उघडलं, नोटा मोजल्या, अंगठ्याला थुंकी लावून पुन्हा मोजल्या, आणि मला म्हणाली, "बाय, मशीन मालकाचा, तुकडो मशीनचो, मगे पैसे माझे कित्याक कापतत?"

सोमवारी निम्म्या बायका आल्याच नाहीत. काही आंब्याच्या पेट्या भरायला गेल्या, तिथे रोजावर ठरलेले पैसे मिळत होते. भावोजींनी फोनवरच निदान केलं. "वहिनी, याला रेझिस्टन्स टू चेंज म्हणतात. पुस्तकात आहे."

पुस्तकात आहेच. मी मुक्त विद्यापीठाची पदविका करताना वाचलंय. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या मॅरियन गावी हारवुड नावाची पायजमे शिवायची फॅक्टरी होती. कामगार बहुतेक बायका, मजुरी कामाच्या नगावर. काम बदललं की हात मंदावायचा, मजुरी पडायची, बायका सोडून जायच्या. कॉच आणि फ्रेंच या दोघांनी तिथे प्रयोग करून १९४८ साली छापला. ज्या गटाला नुसतं 'आता असं करायचं' म्हणून सांगितलं, त्यांचं उत्पादन पडलं ते वर आलंच नाही, आणि पहिल्या ४० दिवसांत १७ टक्के कामगार सोडून गेले. ज्या गटांत सगळ्यांनी बसून नवी पद्धत आणि दर ठरवायला हात लावला, ते लवकर सावरले आणि जुन्या वेगाच्याही पुढे गेले. पुढचं तर भावोजींना तोंडपाठ करायला लावलं पाहिजे. पडलेल्या गटातले उरलेले कामगार नंतर दुसऱ्या कामावर घातले, या वेळी त्यांना ठरवण्यात घेतलं, तर तेही सावरले. माणसं तीच होती हो! त्यांची मानसिकता कोणी धुऊन वाळत घातली नव्हती.

हे मी भावोजींना सांगितलं. म्हणाले, "वहिनी, ते अमेरिकेतलं." मग कॉटर कुठले, कुडाळचे?

शेवटी मालकांशी भांडून दोन गोष्टी घेतल्या. हात बसेपर्यंत प्रत्येकीला आधीच्या महिन्याच्या सरासरीने मजुरी, तुकडा कितीही पडो. आणि बी मशीनला कशी द्यायची ते काकीने आणि तिच्या जोडीच्या बायकांनी ठरवायचं. त्यांनी आधी चाळण्या मागितल्या. मोठी बी पायाच्या मशीनवरच ठेवली, मधल्या मापाची तेवढी ऑटोमॅटिकला दिली. पोतं बदललं की काकी मूठभर बी हातात घोळवायची आणि पातं सैल करा की आवळा ते सांगायची. मेकॅनिक आधी हसला, मग पाना घेऊन तिच्या मागे फिरायला लागला. पावसाच्या आत तुकडा आटोक्यात आला.

सगळं गोड झालं असं नाही. सरासरीची मजुरी मालकांनी जमेल तितक्या लवकर बंद केली. कटिंगला बायका कमी लागायला लागल्या, काहींना सोलायला बसवलं, काही परत आल्याच नाहीत. आमचं काय होणार, हे बायकांनी वडे खातानाच विचारलं होतं. उत्तर कोणी दिलं नव्हतं.

तर तुमच्या सॉफ्टवेअरबद्दल. शिकताना जो वेळ जाणार तो कोणाच्या खिशातून जाणार, हे आधी ठरवा. महिनाअखेरीची तारीख तीच, टार्गेट तेच, वर जुन्या एक्सेलमध्ये आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्हीकडे एंट्री, असं असेल तर मीसुद्धा एक्सेल सोडणार नाही. तेवढ्या काळापुरतं टार्गेट खाली आणा आणि तसं लेखी द्या. अकाउंट्समध्ये सगळ्यात जास्त कुरकुर करणारी जी व्यक्ती असेल, तिला स्क्रीन पक्के व्हायच्या आधी शेजारी बसवा. स्क्रीन पक्के झाल्यावर मत विचारायला बोलावणार असाल तर नका बोलावू, माणसाला कळतं. नोकऱ्या जाणार असतील तर तेही आधीच सांगून टाका.

हो, आणि सगळाच विरोध साधा नसतो. आमच्याकडे डिजिटल काटा नको म्हणून एकजण फार तळमळत होता, आणि जुना काटा गेल्यावर बायकांचं वजन अचानक वाढलं. म्हणजे गराचं. तिथे चर्चा करायची नसते, काटा बसवून मोकळं व्हायचं. शिवाय तुमची माणसं पगारी आहेत, किलोवर नाहीत, तेव्हा आमचं सगळंच तुम्हाला लागू पडेल असं नाही.

भावोजी आता कंपन्यांना बदल कसा करावा ते शिकवतात. त्यांच्या एका स्लाइडवर आमच्या चाळण्यांचा फोटो आहे, खाली 'प्रोसेस इनोव्हेशन' असं लिहिलेलं. काकीचं नाव तरी टाका म्हटलं, तर म्हणाले, वहिनी, स्लाइडवर जागा नसते.