घुडखर, गोरखर आणि आपलं गाढव

ऐरोलीची माझी मावसबहीण दिवाळीच्या सुट्टीत कच्छच्या छोट्या रणात जाऊन आली. तिथला जीपवाला एका प्राण्याला सारखं 'घुडखर' म्हणत होता. घरी येऊन प्रवासवर्णन लिहायला बसली आणि या शब्दाशी अडली. मला विचारते, "घुडखर म्हणजे घोडा आणि गाढवाचा संकर का रे? आणि मराठीत त्याला म्हणू काय?"

संकर अजिबात नाही. त्या संकराला आपण खेचर म्हणतो. घुडखर ही रानगाढवांची एक स्वतंत्र जात आहे आणि तिच्यासाठीच १९७३ साली छोट्या रणात अभयारण्य झालं.

शब्दातलं 'खर' तर आपल्या घरचंच. संस्कृतात खर म्हणजे गाढव, आणि रामायणातल्या खर-दूषणांमुळे हा शब्द आपल्या कानांवरून गेलेला असतो. फारसीतही गाढवाला 'खर'च म्हणतात. ही उसनवारी नव्हे. दोन्ही भाषांनी एकाच पूर्वजाकडून मिळालेला हा वारसा आहे. हिंदीतला खरगोश याच फारसी 'खर'चा: खर म्हणजे गाढव, गोश म्हणजे कान. गाढवासारख्या कानांचा तो खरगोश! आपलं 'गाढव' मात्र गर्दभ, गद्दह अशा वाटेने आलं.

खरी गंमत 'घुड'मध्ये आहे. फारसीत रानगाढवाला 'गोर' किंवा 'गूर' म्हणत, आणि 'खर' जोडून 'गोरखर'. पाचव्या शतकातला इराणचा सासानी राजा बहराम या प्राण्याच्या शिकारीचा इतका शौकीन होता की त्याचं नावच 'बहराम गोर' पडलं. फारसीत 'गूर' म्हणजे थडगंही. आयुष्यभर गूर धरणाऱ्या बहरामला शेवटी गूराने धरलं, हा श्लेष फारसी कवितेत अमर झाला आहे. (आजच्या इराणात गोरखर म्हटलं की झेब्रा डोळ्यांसमोर येतो.)

माझ्या मते हाच गोरखर गुजरातेत 'घुडखर' झाला. 'गोर'चा अर्थ कुणाला लागेना, प्राणी दिसायला थोडा घोडा थोडा गाढव, मग जिभेने ओळखीचा 'घोडा' त्यात बसवला. अनोळखी शब्दाला लोक असंच आपल्यात सामावून घेतात. आणि लोकांची नजर चुकलेली नाही: 'इक्वस हेमिओनस खुर' या शास्त्रीय नावातल्या 'हेमिओनस' या ग्रीक शब्दाचा अर्थही 'अर्धगाढव' असाच आहे. त्याच नावाच्या शेवटी 'खुर' येतं, पण त्याचा पायाच्या खुराशी संबंध जोडू नये.

आता मराठीत काय लिहायचं? 'रानगाढव' चटकन कळतं, पण मला ते पटत नाही. ते वाचून धोब्याचं गाढव रानात पळालं असं वाटतं. आपलं पाळीव गाढव आफ्रिकेतल्या रानगाढवांपासून आलं. कच्छचा हा प्राणी त्याचा पूर्वज नाही. ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास धावणाऱ्या या देखण्या जनावराला गाढवाच्या सगळ्या म्हणींचं ओझं कशाला? मी बहिणीला सांगितलं, 'गोरखर' लिही आणि पहिल्यांदा येईल तिथे कंसात 'घुडखर' दे. तिच्या घराजवळच्या खाडीत कच्छहून येणाऱ्या फ्लेमिंगोला ती आवर्जून 'रोहित' म्हणते. गोरखरही तिच्या तोंडी बसेल.