देवदार की लेबनॉनचा सीडर?

प्रश्न : मनालीला हिडिंबा मंदिराभोवती देवदार पाहिले होते. इथल्या बागांतही तसेच वृक्ष दिसतात, पण पाटीवर कधी ‘देवदार’, तर कधी ‘लेबनॉनचा सीडर’ असतं. पाटी नसेल तर ओळखायचं कसं? – एक वाचक, लंडन

उत्तर : दोन्ही सीड्रस वंशातले, जाती मात्र वेगळ्या. आधी लांबून शेंडा पाहा. देवदाराचा शेंडा आणि फांद्यांची टोकं खाली झुकलेली असतात. लेबनॉन सीडरचं जुनं झाड माथ्यावर सपाट होतं, फांद्या थरांवर थर लावल्यासारख्या आडव्या पसरतात. लेबनॉनच्या झेंड्यावर आहे तसंच. कोवळ्या झाडांवर हा नियम लावू नका, लहानपणी दोन्ही निमुळतीच असतात.

मग फूटपट्टी घ्या. जुन्या फांदीवर सुयांचे झुबके असतात, त्यातल्या दहा सुया मोजा. नव्या लांब कोंबावर सुया एकेकट्या येतात. त्या मोजल्या की हिशेब चुकतो. देवदाराची सुई साधारण 2.5 ते 5 सेंमी, कधी 7 सेंमीपर्यंत, आणि हाताला मऊ. लेबनॉनची 1.5 ते 3.5 सेंमी, जरा ताठ. माप 3 सेंमीच्या आसपास आलं तर नुसत्या सुईवरून निकाल देऊ नये. रंगावर तर मुळीच नको, कारण बागेत लावायचे निळसर प्रकार दोन्ही जातींत आहेत.

खरी मदत शंकूची. देवदाराच्या शंकूचा माथा गोलसर, लेबनॉनचा सपाट किंवा किंचित खोलगट. तो जमिनीवर शोधू नका. पिकल्यावर तो फांदीवरच खवल्याखवल्याने सुटतो, खाली सापडतो तो फक्त शेंड्याचा गुलाबासारखा तुकडा. दुर्बिणीने वरच पाहा.

सुया 2.5 सेंमीहूनही आखूड असतील, तर मोरोक्को-अल्जीरियातला ॲटलस सीडरही असू शकतो. ब्रिटनच्या बागांत तो भरपूर आहे, म्हणून ही शक्यता आधीच तपासावी.

प्रश्न : देवदाराच्या बिया मिळाल्या आहेत. कुंडीत रुजतील का? – एक वाचक, पुणे

उत्तर : रुजतील, पुढे टिकणं अवघड. बिया रात्रभर पाण्यात भिजवा, ओलसर वाळूत मिसळून पिशवीत भरा आणि तीन आठवडे फ्रीजमध्ये ठेवा (फ्रीजरमध्ये नव्हे). नंतर निम्मी जाड वाळू घातलेल्या मातीत 1 सेंमी खोल पेरा. बियांत तेल असल्याने त्या लवकर खवट होतात, वर्षभर डब्यात ठेवून पेरल्या तर फारशा उगवत नाहीत. नोव्हेंबर-डिसेंबरात पेरा, म्हणजे कोवळ्या रोपाला थंडी मिळते. कुंडीत पाणी साचलं की रोप बुंध्याशी कुजून आडवं पडतं, तेव्हा तळाची भोकं मोकळी ठेवा. एप्रिल-मेमध्ये दुपारची सावली हवीच. मात्र हा वृक्ष पश्चिम हिमालयात 1,500 ते 3,200 मीटर उंचीवरचा, त्यामुळे पुण्याच्या उन्हाळ्यात रोप खुरटतं. हिमाचल किंवा उत्तराखंडात कुणी आप्त राहत असेल, तर बिया त्यांना द्याव्यात.