‘सिटी ऑफ ॲडलेड’: गलबत की जहाज?

प्रश्न: ‘सिटी ऑफ ॲडलेड’ या जुन्या क्लिपरवर, म्हणजे वेगवान शिडाच्या जहाजावर, लेख लिहितो आहे. तिला ‘गलबत’ म्हणावं का? आणि ‘कॉम्पोझिट शिप’साठी ‘संमिश्र जहाज’ चालेल का?

गलबत नको, जहाज लिहा. गलबत म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते आंग्र्यांच्या आरमारातलं: फार तर दोन डोलकाठ्या, वारा पडला की वल्ही, क्षमता सहसा सत्तर टनांच्या आत. तुमचं जहाज 791 टनांचं, तीन डोलकाठ्यांचं. 1864 साली इंग्लंडात संडरलँडला ते पाण्यात उतरलं आणि 1887पर्यंत लंडन-ॲडलेड अशा 23 फेऱ्या त्याने केल्या. जाताना ऑस्ट्रेलियात वस्तीला निघालेली कुटुंबं, येताना लोकर. त्याला गलबत म्हटलं तर चित्रच आक्रसतं.

‘जहाज’ मूळचा अरबी. तिथे अर्थ साधनसामग्री, सरंजाम. फारसीतून आपल्याकडे आला तो मात्र समुद्रावरचं वाहन होऊन. आगबोटी येईपर्यंत जहाज म्हणजे शिडाचंच, वेगळं सांगावं लागत नसे. वाफेवर चालणारी आली तेव्हा नवं नाव तिला मिळालं. आज नुसतं ‘जहाज’ वाचून कंटेनर लादलेलं लोखंडी धूड दिसतं, म्हणून पहिल्या उल्लेखाला ‘शिडाचं जहाज’ लिहा, पुढे नुसतं जहाज. ‘क्लिपर’ही ठेवा, त्यात वेग आहे, आणि तो सांगणारा आपला नेमका शब्द मला तरी सुचत नाही.

तुमच्या प्रश्नातलं ‘तिला’ मात्र खटकलं. इंग्रजीत जहाज ‘ती’ असतं. मराठीत होडी ती, आगबोट ती, पण जहाज, गलबत, तारू ही सगळी ‘ते’. 1874 साली ॲडलेडजवळ किनाऱ्यावर ते रुतलं आणि आठवडाभराने सुटलं, असंच लिहायचं.

‘संमिश्र जहाज’ वाचून काहीच कळत नाही. ‘लोखंडी सांगाड्यावर लाकडी फळ्या ठोकलेलं’ असं सरळ सांगा, आणि कारणही द्या, कारण खरी गंमत तिथे आहे. लोखंडी बरगड्यांमुळे मजबुती येते आणि आत माल ठेवायला जागा जास्त मिळते. पण बुडाला शेवाळ-कालवं धरू नयेत म्हणून तांब्याचा किंवा तांबेमिश्र धातूचा पत्रा मारावा लागे, आणि तो खाऱ्या पाण्यात लोखंडाला थेट भिडला की लोखंड गंजून जातं. मध्ये लाकूड आलं की दोन्ही साधतं. बूड गुळगुळीत, म्हणून चाल वेगवान.