सरकारी खात्यात कामाच्या जागची सुरक्षा आणि व्यावसायिक आरोग्य हा कार्यक्रम कसा चालवावा?

तुमचा प्रश्न असा आहे: तुम्ही अभियंता आहात, एका मोठ्या सरकारी खात्याच्या सुरक्षा आणि आरोग्य कार्यक्रमाची सूत्रं नुकतीच तुमच्याकडे आली आहेत. छापखाना, वर्कशॉप, पंपगृहं, फिरतीवरचे कर्मचारी, कार्यालयं, सगळं तुमच्या अखत्यारीत आहे. सुरुवात कुठून करावी, वरिष्ठांनी मनावर घ्यावं म्हणून काय करावं, आणि आयएसओ ४५००१ (कामाच्या जागच्या सुरक्षा-आरोग्य व्यवस्थेचं आंतरराष्ट्रीय मानक) याचं प्रमाणपत्र आधी घेऊन टाकावं का?

मी हेच काम बरीच वर्षं केलं आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

पहिल्या आठवड्यात लेखाशाखेत आणि खरेदी शाखेत जाऊन बसा. वर्कशॉपमध्ये तर जायचंच आहे, पण तिथे जे दिसेल त्यातलं बहुतेक सगळं आधी या दोन शाखांमध्ये ठरून गेलेलं असतं. गार्ड नसलेलं यंत्र तिथे आहे, कारण ते तसंच विकत घेतलं गेलं. हवा खेचणारा पंखा बंद आहे, कारण दुरुस्तीला लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकातलं खर्चाचं खातं, नाही. सुरक्षा अधिकाऱ्याची सही ही बहुतेक ठिकाणी अपघात झाल्यावर लागते. ती खरेदीच्या नस्तीवर, प्रशासकीय मान्यतेच्या आधी लागली पाहिजे. तुमच्या कारकिर्दीत एवढी एकच गोष्ट झाली तरी माणसं वाचतील, हे मी पूर्ण जबाबदारीनं सांगतो.

सरकारमध्ये हे जास्त महत्त्वाचं का, तेही सांगतो. खाजगी कारखान्याला निरीक्षकाची, दंडाची, कोर्टाची, विम्याच्या हप्त्याची धास्ती असते. सरकारी खात्यावर हा बाहेरचा दाब खूपच सैल असतो. ब्रिटनमध्ये १९७४ चा आरोग्य व सुरक्षा कायदा सरकारी खात्यांना लागू आहे, पण राजसत्तेच्या अखत्यारीतल्या खात्यावर त्याखाली खटला भरता येत नाही. नियामक संस्था फक्त ‘क्राउन सेन्शर’ म्हणजे औपचारिक ठपका नोंदवते. अमेरिकेत संघीय खात्यांना ओशाची (तिथल्या कामगार-सुरक्षा नियामक संस्थेची) नोटीस येते, दंड होत नाही. म्हणून आतला दाब आपल्यालाच तयार करावा लागतो. अमेरिकेनं त्यावर काढलेला एक उपाय मला फार पटतो. १९८० साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी आदेश क्रमांक १२१९६ काढून कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेची जबाबदारी थेट खातेप्रमुखांवर टाकली, आणि तिथले नियम सांगतात की या कामासाठी नेमलेला अधिकारी सहाय्यक सचिवाच्या दर्जाचा असावा. दर्जाचा आग्रह मानापानासाठी नाही. पैसे अडवू शकणारा आणि पैसे देऊ शकणारा माणूसच यंत्र बंद ठेवा म्हणू शकतो. तुमचा दर्जा तेवढा नसेल, तर तुमचा अहवाल कोणत्या टेबलावर जातो ते आधी पाहा. तो खातेप्रमुखांकडे थेट जाईल असा लेखी आदेश मिळवा. मधल्या तीन टेबलांवर अहवाल सौम्य होत जातो, आणि शेवटी प्रमुखांसमोर ‘परिस्थिती समाधानकारक’ एवढंच पोचतं.

‘हे कायदे कारखान्यांसाठी, आपण तर सरकार’ असं तुम्हाला कुणीतरी नक्की ऐकवेल. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९८१ चा करार क्रमांक १५५ सार्वजनिक सेवा आणि सरकारी कर्मचारी यांना स्पष्ट शब्दांत आपल्या कक्षेत घेतो. जून २०२२ मध्ये तर सुरक्षित आणि आरोग्यदायी कामाची जागा ही त्या संघटनेनं मूलभूत तत्त्वांमध्ये धरली. पहिल्या टिपणीत हे दोन संदर्भ घाला, त्या वादात पुन्हा वेळ जाणार नाही.

आता निविदांकडे वळू. सरकारी कामातली सगळ्यात धोक्याची कामं बहुतेक कंत्राटी माणसं करतात, आणि काम जातं कमी दरवाल्याकडे. निविदेत ‘कंत्राटदारानं सुरक्षेची सर्व काळजी घ्यावी’ असं एक वाक्य टाकलं की ज्यानं काळजीचे पैसे धरले तो हरतो आणि ज्यानं धरले नाहीत तो जिंकतो. हे वाक्य माणसं मारतं, मला याबद्दल तिळमात्र शंका नाही. उपाय कागदावरचाच आहे. पंपगृहाच्या खोल चेंबरमध्ये उतरण्याचं काम घ्या. गॅस मोजायचं यंत्र, हवा भरणारा ब्लोअर, वरून माणूस ओढून काढता येईल अशी तिपाई आणि अंगभर बांधायचा पट्टा, आणि पूर्ण वेळ तोंडाशी उभा राहणारा माणूस: या प्रत्येकाची निविदेत स्वतंत्र बाब करा, तिचा दर खात्यानंच निश्चित करून टाका म्हणजे त्यावर स्पर्धा होणार नाही, आणि बाकीच्या कामासारखी तिचीही नोंद मोजमाप पुस्तिकेत घ्या. ब्लोअर लावला तर पैसे, नाही लावला तर काम बंद.

चेंबरचं उदाहरण मुद्दाम घेतलं. अशा बंदिस्त जागी पहिला माणूस पडला की दुसरा त्याला काढायला धावतो आणि तोही पडतो. अमेरिकेच्या नायोश या कामगार सुरक्षा-आरोग्यावर संशोधन करणाऱ्या संस्थेनं १९८६ साली नोंदवलं होतं की बंदिस्त जागेतल्या मृत्यूंपैकी ६० टक्क्यांहून अधिक मृत्यू वाचवायला गेलेल्यांचे असतात. हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यासारखा वास येतो म्हणून माणसं नाकावर विसंबतात, पण दशलक्षात १०० भागांच्या आसपास हा वायू गेला की काही मिनिटांत नाक बधिर होतं. वास गेला म्हणजे वायू गेला असं वाटतं, आणि माणूस आणखी खाली उतरतो. आधी प्राणवायू मोजायचा (१९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचं नाही), मग पेट घेणारे वायू, मग विषारी वायू. वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी. आणि काम चालू असेपर्यंत मोजत राहायचं. हे तुमच्या मुकादमाला तोंडपाठ हवं. तुम्हालाही हवं.

यानंतर येते चौकशी. इथे सरकारी कार्यक्रम सर्वात जास्त फसतात.

एका सरकारी छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर एका कर्मचाऱ्याच्या बोटाचं टोक थोडक्यात वाचलं, नखावर निभावलं. त्या मशीनचं पातं दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच खाली येतं. दोन्ही हात बटणांवर म्हणजे हात पात्याखाली नाहीत, असा त्यामागचा विचार. पण डाव्या बटणावर चिकटपट्टी लावून ते कायमचं दाबून ठेवलेलं होतं. अहवाल एका पानाचा आला: कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा, समज देण्यात यावी. मी मशीनपाशी जाऊन ते बटण स्वतः दाबून पाहिलं. स्प्रिंग इतकी कडक झाली होती की चारपाच वेळा दाबल्यावर अंगठा दुखायला लागला, आणि पाळीत ते बटण दिवसभर दाबायचं होतं. स्प्रिंगची मागणी स्टोअरकडे गेलेली होती, खरेदी रखडलेली होती, आणि काम संध्याकाळच्या आत द्यायचंच होतं. चिकटपट्टी त्या माणसानं लावली हे खरं. पण ती लावायला त्याला सगळ्या कार्यालयानं मिळून भाग पाडलं होतं. आणखी एक गोष्ट: चांगल्या बनावटीच्या अशा मशीनमध्ये दोन्ही बटणं साधारण अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबावी लागतात आणि प्रत्येक कापानंतर दोन्ही सोडावी लागतात. म्हणजे एक बटण बांधून ठेवलं तर मशीन चालतच नाही. ते जुनं मशीन तसं नव्हतं. समज देऊन ते तसं होणारही नव्हतं. नवं नियंत्रण आणि पुढे प्रकाशपडदा (हात आडवा आला की यंत्र थांबवणारे प्रकाशकिरण) बसवला, तेव्हा तो धोका मिटला. सुरक्षेत आधी धोका काढून टाका, नाही जमलं तर बदला, मग यंत्रालाच आडकाठी घाला, मग नियम आणि प्रशिक्षण, आणि हातमोजे-चष्मे अगदी शेवटी, असा जो क्रम सांगतात, तो याचसाठी. सरकारी कार्यालयात तो बरोबर उलटा चालतो, कारण हातमोजे किरकोळ खर्चात बसतात.

म्हणून खातेप्रमुखांकडून आणखी एक लेखी आदेश घ्या: कारणांची चौकशी आणि शिस्तभंगाची चौकशी या दोन वेगळ्या नस्त्या असतील, आणि पहिलीतलं कुणाचंही निवेदन दुसरीत वापरलं जाणार नाही. मुद्दाम केलेली तोडफोड किंवा नशेत काम यांना अपवाद ठेवा. हा आदेश निघेपर्यंत तुम्हाला खरं कुणीही सांगणार नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. निलंबनाची भीती असलेला माणूस तोंड बंदच ठेवणार. आदेश निघाल्यावरही पहिले काही महिने लोक तुमची परीक्षा बघतील. थोडक्यात वाचल्याची पहिली नोंद कुणी आणून दिली की ती त्याच आठवड्यात निकाली काढा आणि काय केलं ते त्याला समक्ष जाऊन सांगा. बातमी आपोआप पसरते. ‘इतके दिवस अपघात नाही’ असा फलक दारात लावू नका. तो आकडा टिकवण्यासाठी जखमा लपवल्या जातात.

आता आरोग्य. माझा जीव सगळ्यात जास्त याच भागात अडकलेला आहे, कारण तो सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे.

अपघात त्याच दिवशी दिसतो. आजार तसा दिसत नाही. सिलिकाच्या (दगड-वाळूतल्या) धुळीनं फुफ्फुसं निकामी व्हायला सहसा दहा वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. जुन्या इमारतींतल्या अॅस्बेस्टॉसमुळे होणारा कर्करोग बहुधा २० ते ४० वर्षांनी उगवतो. तोवर अधिकाऱ्यांच्या कित्येक बदल्या झालेल्या असतात आणि तो कामगार निवृत्त झालेला असतो. कुणाच्याही कारकिर्दीत तो आजार ‘घडत’ नाही. यावर माझ्या माहितीत एकच इलाज आहे: नोंद. कोण, कुठे, किती वर्षं, कशाच्या संपर्कात होतं, आणि तेव्हा हवेतली मोजणी किती आली. अमेरिकेच्या नियमात संपर्काच्या नोंदी ३० वर्षं आणि वैद्यकीय नोंदी नोकरीचा काळ अधिक ३० वर्षं ठेवाव्या लागतात. तुमच्याकडे अभिलेखांच्या वर्गवारीत या कागदांना कोणता वर्ग दिलाय ते आजच तपासा. पाच वर्षांनी नष्ट करण्याच्या यादीत ते असतील, तर एखाद्या विधवेच्या हक्काचा एकमेव पुरावा तुमचंच कार्यालय रद्दीत घालेल.

आवाजाचंही असंच. दिवसाला आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही नायोशची शिफारस आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. पंपगृहात हे आकडे सहज ओलांडले जातात. श्रवणचाचणीच्या आलेखात ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसायला लागला की समजायचं, आवाजानं कान खायला सुरुवात केली. त्या टप्प्यावर माणसाला स्वतःला काहीच जाणवत नाही. पुढे ‘स’, ‘श’, ‘फ’ निसटायला लागतात, बोलणं ऐकू येतं पण शब्द लागत नाहीत, आणि गेलेलं ऐकणं परत येत नाही. म्हणून नोकरीवर घेतानाच पहिली चाचणी करा. ती नसेल तर पुढच्या कुठल्याच चाचणीची तुलना करता येत नाही. आणि एकाच पंपगृहातल्या तिघांच्या आलेखात खड्डा दिसला, तर तो त्या पंपगृहाचा आजार आहे. डॉक्टरांनी तिघांना वेगवेगळं पाहिलं तर हे कधीच कळणार नाही. आलेख जागेप्रमाणे लावून बघायला सांगा.

वैद्यकीय अहवाल मात्र आस्थापना शाखेत फिरू देऊ नका. तिथे ‘या कामासाठी योग्य’, ‘अमुक बंधनांसह योग्य’ एवढंच गेलं पाहिजे. निदान डॉक्टर आणि त्या माणसातच राहावं. एकदा का कुणाचा आजार कार्यालयभर झाला, की पुढच्या तपासणीला माणसं येणार नाहीत.

फिरतीवरच्या लोकांचा सगळ्यात मोठा धोका रस्ता असतो, हेही यादीत वर ठेवा. रात्रीचा प्रवास करून सकाळच्या बैठकीला हजर राहायला सांगणारं पत्र हासुद्धा सुरक्षेचाच विषय आहे. जनतेशी थेट गाठ पडणाऱ्या खिडकीवरच्या शिव्या आणि धक्काबुक्कीची नोंदही अपघातासारखीच घ्या.

समितीबद्दल थोडक्यात. कामगारांचे प्रतिनिधी कामगारांनी निवडलेले असावेत, कंत्राटी कामगारांचाही एक असावा, आणि प्रत्येक मुद्द्यापुढे नाव, तारीख आणि खर्चाचं लेखाशीर्ष असावं. तिसरा रकाना रिकामा असलेला मुद्दा पुढच्या बैठकीत जसाच्या तसा परत येतो. खातेप्रमुखांना दर तिमाहीला एकच पान द्या: किती धोके कळवले गेले, किती मुदतीत मिटले, आणि निधीअभावी अडकलेले कोणते, त्यात कोणाला काय होऊ शकतं. हे शेवटचं साध्या भाषेत लिहा. ‘चेंबर क्रमांक अमुकमध्ये उतरणारा माणूस मरू शकतो’ असं वाक्य प्रमुखांच्या सहीखाली नोंदलं गेलं, की निधी सापडतो असा माझा अनुभव आहे.

राहिलं आयएसओ ४५००१. २०१८ साली आलेलं हे मानक चांगलं आहे, आणि कामगारांचा सहभाग व नेतृत्वाची जबाबदारी यावरचा त्याचा भर मला आवडतो. त्याची चौकट आजच वाचा आणि वापरा. प्रमाणपत्रासाठी मात्र दोन अंदाजपत्रकं थांबा. आत्ताच मागे लागलात तर तुमची मोजकी माणसं वर्षभर कागद जमवण्यात जातील, आणि तेवढ्या वेळात त्यांच्याकडून सगळ्या पंपगृहांतला आवाज मोजून झाला असता. प्रशासन ऐकत नसेल आणि प्रमाणपत्राच्या नावाखाली गॅसमापक आणि गार्ड मंजूर होत असतील, तर बेलाशक आधी घ्या.

पुढच्या अंदाजपत्रकाच्या मागण्या पाठवायची मुदत कधी आहे ते लेखाशाखेला उद्याच विचारा. ती हुकली तर वर्ष हुकतं.