आमवातात एक डॉक्टर स्टेरॉइड देतात, दुसरे नको म्हणतात. ऐकायचं कोणाचं?

तुमच्या आईला गावच्या डॉक्टरांनी स्टेरॉइड दिलं, नागपूरच्यांनी ते काढून मेथोट्रेक्सेट, म्हणजे आजारालाच आवर घालणारं मुख्य औषध, लिहिलं, म्हणून तुम्ही गोंधळलात. आमची माय याच आजाराने नऊ वर्षं बेजार आहे, म्हणून सांगतो.

मेथोट्रेक्सेटचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर हातपाय चालावेत म्हणून काही डॉक्टर सोबत थोडं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात आणि हळूहळू उतरवून बंद करतात. यावर जाणकारांचंही एकमत नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या २०२१ च्या सूचना म्हणतात, शक्यतो टाळा. युरोपातल्या २०२२ च्या म्हणतात, थोडे दिवस द्या पण लवकर थांबवा. इथवर दोघंही आपापल्या जागी बरोबर.

आमच्याकडे झालं ते वेगळं. पहाटे मायची मूठ मिटायची नाही, चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरायची. वेचणीच्या दिवसांत इंजेक्शन घेतलं की, "मले बरं वाटून राह्यलं" म्हणत वावरात जायची. दोन वर्षं नुसतं स्टेरॉइड. दुखणं दबलं, बोटं मात्र वाकडी होत गेली, वर साखर वाढली. म्हणून डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा: स्टेरॉइडसोबत मुख्य औषध कोणतं, आणि स्टेरॉइड कधी बंद होणार? बरेच दिवस घेतलेलं असेल तर मनाने एकदम सोडू नका, जिवावर बेततं.

मुख्य औषधातही फरक दिसेल. कोणी एकटं मेथोट्रेक्सेट देऊन डोस वाढवतात, कोणी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, सल्फासलाझिनची जोड देतात. गरोदरपणात किंवा लिव्हर बिघडलेलं असताना मेथोट्रेक्सेट चालत नाही, तिथे यादी बदलणारच. महागडी बायोलॉजिकल इंजेक्शनं (जिवंत पेशींपासून बनवलेली औषधं) त्यापुढची पायरी, आणि त्याआधी टीबीची तपासणी करतात.

एक गोष्ट मात्र कोणत्याही डॉक्टरकडे सारखीच: आमवातात मेथोट्रेक्सेट रोज नाही, आठवड्यातून एकदा. मेडिकलवाल्याने मायला "रोज एक" सांगितलं होतं. पाचव्या दिवशी तोंडभर फोड आले, दवाखान्यात ठेवावं लागलं. आता ती गोळी बुधवारी, बाजाराच्या दिवशी. तिचा त्रास कमी व्हावा म्हणून फॉलिक अ‍ॅसिड गुरुवारी. माय मेथोट्रेक्सेटला बाजाराची गोळीच म्हणते. नाव तिला आजही घेता येत नाही, पण बुधवार चुकत नाही. या गोळीसाठी करायची रक्ताची तपासणी तेवढी आमची चुकते, पावसाळ्यात एसटी बंद पडली की. तुम्ही चुकवू नका.