शनिवारची भेळ आणि पितळी डबा

दानासाठी पैसे वाचवायचे म्हणून तुम्ही पहिल्याच महिन्यात चहा, मिसळ आणि भेळ असे सगळेच सोडायचे ठरवले आहे. कृपया तसे करू नका, कारण इतके ओझे मन पंधरा दिवसांतच खाली टाकते. एकच गोष्ट निवडा. मी आपल्या कोल्हापूरच्या रंकाळा तलावावरची शनिवारची भेळ निवडली आणि घरी परतताच तिचे 50 रुपये देवघराशेजारच्या पितळी डब्यात टाकू लागलो. त्याच संध्याकाळी बाजूला न काढलेले पैसे भाजीपाल्यात कधी खर्च होतात ते कळतही नाही. वर्षाचे 2,600 रुपये झाले.

देण्याआधी संस्था स्वतः पाहून या. नसीमा हुरजूक यांनी 1984 मध्ये दिव्यांगांसाठी उभी केलेली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड आपल्याच गावात आहे, निराधार मुलांना सांभाळणारे बालकल्याण संकुलही आहे. तिथे काय हवे ते आधी विचारा, कारण वाढदिवसाचे केक पुष्कळ येतात, औषधांना आणि फीला मात्र पैसा कमी पडतो. रक्कम 2,000 रुपयांपेक्षा जास्त असेल तर रोख देऊ नका, नाहीतर जुन्या करप्रणालीतील प्राप्तिकराची वजावट मिळत नाही. पावती मात्र प्रत्येक वेळी मागून घ्या. आणि घरच्या मुलांची भेळ कधीही बंद करू नका, सोडायचे ते आपले.