साठवलेल्या वराहवीर्यात शुक्राणू छान पोहतात, तरी पिल्लं कमी का? डीएनए टिकवायला काय घालावं?

चौथ्या दिवशीही शुक्राणू जोमात आहेत, पण वेताला पिल्लं घटली आहेत आणि म्हणून द्रावणात व्हिटॅमिन ई घालायचा विचार आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी रोज हेच वीर्य तपासतो, म्हणून आधी सांगतो: घरी मोजून काही घालू नका. तयार एक्स्टेंडरचं (वीर्य पातळ करून टिकवणाऱ्या द्रावणाचं) क्षारांचं गणित बिघडलं की फायद्यापेक्षा नुकसानच जास्त.

हालचाल हे शेपटीचं काम, डीएनए डोक्यात. तुटक्या डीएनएचा शुक्राणूही अंड्यापर्यंत पोहोचतो, फलनही करतो. वराहाचा भ्रूण चार पेशींचा होईपर्यंत मुख्यतः अंड्यातल्या शिदोरीवर चालतो. बापाच्या जनुकांची पाळी त्यानंतर येते आणि घोटाळा तिथे उघडा पडतो. काही भ्रूण जिरतात, वेत लहान होतं. बाराव्या दिवसाच्या आसपास चारपेक्षा कमी उरले तर मादी बहुधा उलटतेच, म्हणजे पुन्हा माजावर येते. यातलं काहीही साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसणार नाही. अॅक्रिडीन ऑरेंजच्या चाचणीत मात्र धड डीएनए हिरवा चमकतो, तुटका लालसर. एकदा नमुना पाठवून बघाच.

साठवणीत डीएनए तोडतो तो मुख्यतः ऑक्सिडीकरणाचा मारा. शुक्राणूला तो मोडलेला धागा सांधता येत नाही, आणि मेलेले शुक्राणू व जिवाणू हा मारा वाढवतात. म्हणून गोळा करतानाची स्वच्छता आणि एक्स्टेंडरमधलं प्रतिजैविक इथेही कामी येतं. बाटली गळ्यापर्यंत भरा, हवा दाबून काढा, उजेडात ठेवू नका.

तापमान १७ अंश. १५ च्या खाली वराहाच्या शुक्राणूचं आवरण थंडीने फाटतं, कारण त्यात कोलेस्टेरॉल कमी असतं. २० च्या वर शुक्राणू उगाच खर्ची पडतात. विरलन करताना वीर्य आणि द्रावण यांत एक-दोन अंशांपेक्षा जास्त फरक नको. भरलेल्या बाटल्या लगेच साठवणीच्या पेटीत न कोंबता तासभर खोलीतच हळूहळू निवू द्या. पेटीच्या आत कमाल-किमान नोंदवणारा थर्मामीटर ठेवा. दारावरच्या आकड्यावर माझा काडीचा विश्वास नाही. मी एकदा थर्मामीटर लावला तेव्हा रात्री पेटी १३ पर्यंत उतरत होती, आणि सकाळी दारावर निवांत १७!

एक्स्टेंडर बीटीएससारखा अल्पमुदतीचा असेल तर तीन दिवसांत वापरून संपवा, चौथ्या दिवसाचा मोह नको. पाच-सात दिवस हवेच असतील तर दीर्घमुदतीचा घ्या.

एवढं करूनही एकाच नराची पिल्लं कमी येत असतील तर दोष साठवणीचा नसेल. वराहात शुक्राणू तयार होऊन बाहेर यायला साधारण दीड महिना लागतो. त्या नराची वही काढा आणि वीर्य काढलं त्याआधीच्या सहा आठवड्यांत त्याला ताप किंवा कडक उन्हाचा त्रास झाला होता का, ते बघा.